अस्सल बरहुकूम

७ जानेवारी
रोजनिशी पुन्हा सुरू. गेल्या वर्षीची बारा दिवसांत बंद पडली, पण तेव्हा ऑफिस होतं. आता निवृत्त झालो. सबब उरली नाही, आणि विषयही मिळाला आहे.

सकाळी घरातली रद्दी द्यायला गेलो आणि दिली त्याच्या दुप्पट घेऊन आलो. दुकानात एका जुन्या मासिकाचा गठ्ठा पडला होता. आईच्या वेळचं मासिक. वरचाच अंक उघडला. गोष्टीला चित्र होतं. एक बाई स्टोव्हपाशी पाठमोरी उभी, पातेल्यातलं दूध अगदी काठाशी आलेलं आणि तिचं लक्ष खिडकीबाहेर. बाकी पान जवळजवळ कोरं. कुठेतरी पाहिल्यासारखं वाटत होतं, पण ओळख पटेना. सहज अंक उलटा झाला आणि झटकन ओळखलं! लहानपणी दुपारी आई मासिक वाचत बसायची आणि मी तिच्या समोर बसायचो. मी ही सगळी चित्रं उलटी पाहिलेली आहेत.

दुकानातच डोळ्यांत पाणी आलं. रद्दीवाल्याला वाटलं, धूळ गेली. त्याने पाणी आणून दिलं.

घरी येऊन सगळे अंक जेवणाच्या टेबलावर मांडले. ही काही बोलली नाही. ही बोलत नाही तेव्हा जपून राहावं, हा अनुभव.

८ जानेवारी
चित्रांवर नाव नाही. सहीच्या जागी एक बारीकसा वाकडा खिळा काढलेला. वाचनालयाच्या ग्रंथपालांना अंक नेऊन दाखवला. म्हणाले, हे तर आपले खिळेवाले. खरं नाव त्यांनाही आठवेना. वीस-एक वर्षं त्या मासिकाला त्यांचीच चित्रं असायची म्हणे. अर्धं पान मोकळं सोडायचं, माणूस कडेला ढकलायचा, रिकामी खुर्ची, वर जाणारा जिना, पाठमोऱ्या बायका. पुढच्या सगळ्यांनी यांच्यावरूनच उचललं. आज पुस्तकांच्या कव्हरांवर, जाहिरातींत जे दिसतं त्याचं मूळ इथे आहे. आणि या माणसाला कोणी विचारत नाही.

रक्त उसळलं. एवढं करून ठेवायचं आणि कोणाला पत्ता नाही! ही भावना मला चांगली माहीत आहे.

ठरवलं. यांच्यावर पुस्तक लिहायचं, प्रदर्शन भरवायचं. उद्यापासून पहाटे पाचला उठून लेखन.

९ जानेवारी
आठला जाग आली. थंडी फार. पण झोपेत विचार चालू होते.

१४ जानेवारी
पहिलं प्रकरण पूर्ण. 'उपेक्षा'. हिला वाचून दाखवलं. हिचं म्हणणं, यात खिळेवाल्यांपेक्षा तुमचं ऑफिसच जास्त आहे. आता उपेक्षा म्हणजे काय हे वाचकाला कळायला उदाहरण नको का? बत्तीस वर्षं मी नकलांवर 'अस्सल बरहुकूम' असा शिक्का मारला. डावीकडे मूळ कागद, उजवीकडे नक्कल, ओळीखाली बोट धरून शब्द अन् शब्द ताडून पाहायचा. एक काना इकडचा तिकडे झाला तरी कागद परत. माझ्या टेबलावरून चुकीचा कागद कधी पुढे गेला नाही. आणि निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषणात माझं आडनाव शेजारच्या टेबलावरच्याचं घेतलं. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

जेवणं पलंगावर बसून चालू आहेत. टेबलावर संशोधन आहे.

२० जानेवारी
प्रकरण तिसरं, 'पाठमोरी स्त्री'. आतापर्यंतचं सर्वांत खोल. खिळेवाल्यांच्या चित्रांत बाईचा चेहरा दिसतच नाही. पाठ दिसते, मान दिसते, एक कान, भांग. आणि नीट पाहिलं तर सगळीकडे बाई एकच आहे. माझा सिद्धान्त असा, की समाजाने जिच्याकडे पाठ फिरवली तिनेही समाजाकडे फिरवलेली ही पाठ आहे.

हिला वाचून दाखवलं. म्हणाली, तिला काम असेल. भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून म्हणाली. अशाने विचारवंत कसा टिकायचा या घरात?

२७ जानेवारी
ग्रंथपालांनी वाचनालयाची वरची खोली कबूल केली. १५ फेब्रुवारीपासून तीन दिवस. पत्रिकेचा मजकूर त्यांच्यापुढे ठेवला. 'कै. खिळेवाले स्मृतिप्रदर्शन'. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, अहो, कै. कशाला? परवाच त्यांची मुलगी पुस्तक बदलून घेऊन गेली. रोज संध्याकाळी वडिलांना वाचून दाखवते. मागच्या गल्लीत तर राहतात.

म्हणजे जिवंत आहेत. नव्वदीला आलेत.

आनंद झाला, अर्थातच. पण पंचाईतही झाली. शेवटचं प्रकरण 'अखेरचा श्वास' लिहून झालं होतं आणि अतिशय उत्तम उतरलं होतं. आता ते ठेवता येणार नाही. दिवसभर बसून पुस्तकातले सगळे 'कै.' खोडले. एखादा राहिला असेल तर राहो, नव्वदीचा माणूस आहे.

३० जानेवारी
खिळेवाल्यांकडे जाऊन आलो. तळमजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीपाशी मुलीचं शिवणयंत्र, ती लोकांचे पडदे शिवते. साठीची असेल. जमिनीवर निळ्या कापडाचा ढीग आणि त्याच्या पलीकडे खुर्चीत ते. डोळे जवळजवळ गेलेले. उजेड कुठून येतो तेवढं कळतं म्हणाले.

मी पाठमोऱ्या स्त्रीचा सिद्धान्त सांगितला. शांतपणे ऐकून घेतला आणि मग खोकला लागेपर्यंत हसले. ती त्यांची बायको. ती ओट्याशी उभी असायची, हे दाराशी स्टुलावर बसून काढायचे. वळून बसायला तिला वेळ कधी होता, म्हणाले. आणि चेहऱ्याला वेळ फार लागतो, मासिकाचा माणूस दारात उभा असायचा. चेहरे टाळले तर रात्रीची झोप मिळायची.

कलावंत स्वतःच्या कलेबद्दल बोलतो ते फार मनावर घ्यायचं नसतं. प्रकरण तिसरं तसंच ठेवणार.

मूळ चित्रं मागितली. नाहीतच. छपाईसाठी चित्राचा ब्लॉक करून घेतला की मूळ कागद छापखान्यातच पडून राहायचा, कशाकशाला गुंडाळायला जायचा. एकच काय ते घरी परत आलं होतं, आणि ते त्यांच्या मांडीवरच होतं. साधी लाकडी चौकट, काच नाही. बोलताना अंगठा त्याच्यावर फिरत होता. एवढं महत्त्वाचं चित्र आणि असं हाताळतात. मनात म्हटलं, आपण वेळेवर आलो.

प्रदर्शनासाठी मागितलं. मुलीने यंत्र थांबवलं. तिची इच्छा दिसली नाही. पण तेच म्हणाले, दे गं, इतक्या वर्षांत कोणी बघायला मागितलं नव्हतं. तिने जुन्या चादरीत गुंडाळून दिलं. आमच्याकडे एवढं एकच आहे, जपा, असं दोनदा म्हणाली. मी सांगितलं, बाई, बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांचे कागदच जपले.

येताना जिन्यापाशी एक तरुण दिसला तर त्याला सांगावंसं वाटलं की माझ्या काखेत काय आहे.

१ फेब्रुवारी
सनसनाटी शोध.

चित्रात बाई दाराच्या चौकटीत उभी आहे, आत जाता जाता वळून पाहते आहे. खिळेवाल्यांचं एकमेव चित्र, ज्यात चेहरा दिसतो. ज्या अंकात ते छापलं तो अंक माझ्याच गठ्ठ्यात निघाला, आजवर उघडला नव्हता. डावीकडे मूळ, उजवीकडे छापील. बोट ठेवून ताडून पाहू लागलो. पदराच्या घड्या जुळल्या. दाराची कडी जुळली. चप्पल जुळली. चेहरा जुळत नाही!

छापील बाई हसरी, गोड, कपाळावर एक बट. मुळातल्या बाईच्या चेहऱ्याच्या जागी पांढऱ्या रंगाचं जाड पुट. मोजलं, सव्वा इंच बाय एक इंच. कडा पिवळट, एका बाजूला पोपडा सुटू लागलेला. त्या पुटावर बारीक रेघांनी कोणीतरी भलताच चेहरा काढून ठेवला आहे. भिंगाखाली कडा दोन तास तपासल्या. उघड आहे, चित्र छापून परत आल्यावर कोणीतरी खराब केलं. मुलगी तेव्हा लहान असणार. पोरं पुस्तकातल्या राजांना मिशा काढतात, त्यातला प्रकार. बापाने प्रेमापोटी काही म्हटलं नसेल.

ही चष्म्याची डबी शोधत टेबलापाशी आली आणि चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. हिच्या हातातला माझा चहा गार झाला. म्हणाली, ही चांगली आहे. मी म्हटलं, चांगली कसली, बिघाड आहे तो. तर म्हणाली, बिघाड असो नाहीतर काही असो, दुसऱ्याची वस्तू आहे, जशी आणलीत तशी द्या.

३ फेब्रुवारी
झोप नाही. मूळ आणि नक्कल जुळत नसताना कागद पुढे पाठवायचा? माझ्या सहीने? लोक येणार, शेजारी छापील अंक मांडणार, जाणकार विचारणार, हा काय घोळ आहे?

कागदाची सफाई करणारे कारागीर असतात म्हणे, पण त्यांचे लांबलचक मुहूर्त कोण सांभाळणार? आपला हात जगन्नाथ. मोठ्या संग्रहालयांतसुद्धा जुनी चित्रं साफ करायला थुंकी वापरतात असं वाचलं आहे. पाण्याने कागद फुगतो, थुंकी सौम्य. उद्या सकाळी चहाआधी. तोंड स्वच्छ हवं.

४ फेब्रुवारी
झालं. आणि किती सुंदर झालं!

कापसाचा बोळा जिभेला लावायचा, हलकेच फिरवायचा, बोळा बदलायचा. पहिल्या तीन बोळ्यांत त्या रेघा गेल्या. मग पांढरं विरघळू लागलं, दुधाच्या सायीसारखं निघालं. आणि खालून काय वर आलं? बट! मग डोळे, मग हसू. अगदी जशीच्या तशी. छापील अंक शेजारी धरला, रेघ अन् रेघ जुळली. हातच्या काकणाला आरसा कशाला? आयुष्यात पहिल्यांदा मी नक्कल बघून मूळ दुरुस्त केलं.

चौकटीच्या मागे पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं, 'अस्सल बरहुकूम'. खाली सही आणि तारीख.

हिला हाक मारून दाखवलं. हिने पाहिलं. मग टेबलावरचे कापसाचे बोळे पाहिले. तोंडावर हात ठेवून आत निघून गेली. कौतुक करायला मन मोठं लागतं.

८ फेब्रुवारी
नवं प्रकरण, 'पुनर्जन्म'. एका बैठकीत लिहून झालं. 'अखेरचा श्वास'मधली बरीच वाक्यं वापरता आली.

हिने आज आपण होऊन विषय काढला. म्हणाली, त्यांच्या मुलीला आधी कळवा, एकदम समोर नका नेऊ. मी म्हटलं, आश्चर्याची मजाच जाईल.

१५ फेब्रुवारी
उद्घाटन. खोलीत खुर्च्या तीस. ग्रंथपाल, ही, वर्तमानपत्र वाचायला आलेले दोघे, कारण खालचा पंखा बंद होता. आणि मुलगी वडिलांचा हात धरून जिना चढून आली. स्वच्छ शर्ट, केस विंचरलेले. पहिल्या रांगेत बसले.

माझं भाषण चांगलं झालं. मध्यंतरी एक वाचक झोपला, पण शांतपणे. शेवटी चित्रावरचं कापड मी ओढलं आणि म्हटलं, जे काळाने झाकलं होतं ते आज उघड झालं आहे.

मुलगी उठून चित्रापाशी गेली. नाकाला नाक लागेल इतकी जवळ. मला वाटलं, भारावली. मग तिने भिंतीवरून चौकट काढली, नेली आणि वडिलांच्या मांडीवर ठेवली.

त्यांचा अंगठा सरळ त्या जागी गेला. फिरला. पुन्हा फिरला.

"पांढरं कुठे गेलं?"

मी पुढे होऊन सांगितलं, की कोणीतरी केलेली खराबी मी स्वतः भिंग लावून काढली, आता चित्र छापल्याप्रमाणे तंतोतंत आहे. अंगठा तिथेच राहिला. मुलगी माझ्याकडे बघत म्हणाली,

"आईचा एकही फोटो नाही आमच्याकडे."

पुढचं तिने जिन्यावर सांगितलं, चित्र छातीशी धरून, अगदी हळू आवाजात. संपादकाला हसरी बाई हवी होती. आईने वळून बसायला नकार दिला, कारण दूध उतू जात होतं. म्हणून वडिलांनी मनानेच एक गोड चेहरा काढून दिला. आई गेल्यानंतर एका दुपारी त्यांनी तो पांढऱ्याने बुजवला आणि त्यावर आईचा काढला. आठवणीने. आयुष्यात तिचा काढलेला तो एकच चेहरा. पुढे डोळे गेले तसं ते पांढऱ्याचा उंचवटा बोटाने चाचपायचे.

वडिलांना सांभाळून उतरवा, असं ग्रंथपालांना म्हणाली. मी दुसरा हात धरायला गेलो. त्यांनी तो कठड्यावर ठेवला.

१६ फेब्रुवारी
नीट विचार करता दोष संपूर्ण माझा म्हणता येणार नाही. मागे कुठेही नोंद नव्हती. काच लावायला हवी होती. मुलीने नुसतं 'जपा' म्हणण्यापेक्षा स्पष्ट सांगायला हवं होतं. कोणत्याही कचेरीत हा कागद दिला असता तरी मूळ म्हणून छापील प्रतच ग्राह्य धरली असती.

वाचनालयात गेलो नाही. अंगात कणकण आहे.

१७ फेब्रुवारी
करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

प्रदर्शन संपलं. अंक हिनेच जाऊन आणले. टेबलावर ठेवले नाहीत, कपाटात ठेवले. टेबलावर जेवलो. समोरासमोर बसायची सवय गेली आहे.

१९ फेब्रुवारी
शेवटी गेलोच. जाताना मनात योजना पक्की होती. एखाद्या चांगल्या चित्रकाराकडून पांढरं पुट पुन्हा चढवून घ्यायचं, चेहरा पुन्हा काढून घ्यायचा. मुलीने दार उघडलं आणि पुन्हा यंत्रापाशी जाऊन बसली. सुई थांबल्यावर योजना सांगितली.

खिळेवाले रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. चौकट मांडीवरच होती, पण हात खुर्चीच्या दांड्यावर. म्हणाले, काढणाऱ्याला सांगणार कोण, कसा काढायचा ते? मला आता तिचा चेहरा नुसत्या मनात धरता येत नाही. बोट लावलं की यायची. मुलगी तेव्हा लहान होती, तिला जेवढी आठवते ती चित्रातलीच, आणि सांगायला गेली की तीही निसटते. मग माझ्याकडे तोंड केलं, म्हणजे मी होतो त्याच्या जरा डावीकडे.

"तुम्ही तर भिंग लावून पाहिलात. तुम्ही सांगा ना. कशी होती?"

मी तोंड उघडलं. मला पुटाच्या कडा आठवल्या. पिवळेपणा आठवला. सव्वा इंच बाय एक इंच आठवलं. कुठे पोपडा सुटला होता ते आठवलं. नाक कसं होतं? डोळे? वय काय दिसत होतं? चाळीस-पन्नास पानं लिहिली मी या माणसाच्या चित्रांवर. तो चेहरा पाच दिवस माझ्या जेवणाच्या टेबलावर होता.

म्हटलं, छान होता.

ते मान पुढे करून थांबले. अजून काहीतरी येईल म्हणून थांबलेच होते. मुलीने यंत्र सुरू केलं.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. हिला तो चेहरा आठवतो. सगळा. भाजी निवडता निवडता सांगत गेली. डावी भुवई उजवीपेक्षा वर. ओठ मिटलेले पण घट्ट नाहीत. डोळ्यांखाली जागरण. कोणी हाक मारल्यावर, 'आले, आता काय?' म्हणून वळतो ना आपण, तशी. वैतागलेली, पण येणार नक्की. म्हणाली, मी अशी कितीदा वळले असेन.

मी म्हटलं, उद्या जाऊन त्यांना सांगू या. म्हणाली, सांगू या नाही. मी जाते.

२० फेब्रुवारी
ही दुपारी गेली. चार वाजले, पाच वाजले, अजून आली नाही. तिथे बरंच सांगण्यासारखं असणार.

पुस्तक फाडलं नाही. बांधून माळ्यावर टाकलं. उद्यापासून दुसरं काही लिहीन असा विचार आहे, पण विषय नाही.

टेबल रिकामं होतं. एक कोरा कागद घेतला आणि हिच्याच पेन्सिलने आईचा चेहरा काढून पाहावा म्हटलं. दुपारची, मासिक वाचताना. एवढं तर यायलाच हवं, रोज समोर बसत होतो. भांग आला. मधोमध, सरळ, दोन्हीकडे केस चापून बसवलेले. मग मासिकाची वरची कड आली. चित्र आलं, उलटं, दूध वर आलेलं.

मधली जागा तशीच राहिली. बराच वेळ पेन्सिल धरून बसलो, काही येईना. आई पानावरून मान वर करायची तेव्हा मी कुठे बघत होतो, कोण जाणे.